भुईमुगाच्या जातींची पारख

बाजारात शेंगा घेताना चतुर गृहिणी काय करते? मूठभर शेंगा हातात घेऊन ती त्या हलवून पाहते. एखादी फोडून आतला दाणा टपोरा आहे की सुरकुतलेला आहे हे न्याहाळते. आणि शेवटी दाणा तोंडात टाकून तो गोड आहे की खवट आहे हे ठरवते. एवढ्या अल्प वेळात शेंगेचा वाळलेपणा, दाण्याचा भरणा आणि तेलाची प्रत अशा तीन गोष्टींची परीक्षा तिने केलेली असते. माल न पटल्यास पुढच्या दुकानाची वाट तिला मोकळी असते. ज्या शेतकऱ्याने त्या शेंगा पिकविल्या त्याची स्थिती मात्र निराळी. त्याला आपली निवड पेरणीच्या दिवशीच करावी लागते; शेंगेचे दर्शन घडण्यास तेथून पुढे तीन-चार महिने जातात; आणि निवड चुकली तर तो हंगाम हातचा गेलाच म्हणून समजावे. भुईमुगाच्या खर्चात बियाण्याचा वाटा मोठा असल्यामुळे ही चूक त्याला विशेषच महाग पडते. तेव्हा अमुक जात चांगली की तमुक, हा प्रश्न शास्त्र कोणत्या रीतीने सोडविते हे समजून घेण्यासारखे आहे. लातूर व नांदेड या मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांच्या आधारे तो विषय पाहिला असता अधिक स्पष्ट होईल.

भुईमूग हे मूळचे आपल्या देशातील पीक नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिका. तेथून समुद्रमार्गे तो हिंदुस्थानात आला आणि येथे इतका रुजला की, उपवासाच्या ताटातही त्याला निःशंक प्रवेश मिळाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या हैदराबाद संस्थानाची गणना भुईमूग पिकविणाऱ्या प्रमुख प्रदेशांत होत असे. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ साली झाला.

या पिकाचा स्वभाव इतरांहून वेगळा आहे. याचे फूल जमिनीच्या वर येते आणि फळ जमिनीच्या आत धरते. फुलात बीजधारणा झाल्यावर त्याच्या बुडातून सुईसारखा एक कोंब निघतो व खाली वळून मातीत शिरतो. शेतकरी याला आरी म्हणतात. आरीचे टोक मातीत गेल्याशिवाय शेंग धरत नाही. शिवाय शेंग पोसण्यास लागणारे कॅल्शियम मुळांवाटे वर जाऊन खाली येत नाही. ते बहुतांशी भोवतालच्या मातीतून शेंगच आपल्या सालीवाटे शोषून घेते. आऱ्या सुटण्याच्या सुमारास झाडांच्या बुडाशी जिप्सम घालावयाचे ते याच कारणाने. सारांश, ज्वारीचे कणीस वाऱ्यावर डोलत असते, तर भुईमुगाचे सर्वस्व मातीच्या मुठीत असते. माती भुसभुशीत असेल तर आरी सुखाने शिरते व शेंग सहज निघते; माती आवळून धरणारी असेल तर आरी अडते, आणि काढणीच्या वेळी झाड हातात व शेंगा जमिनीत अशी गत होते.

आता लातूर व नांदेड यांची भूमी पाहावी. लातूर हे बालाघाटच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर वसलेले, तर नांदेड गोदावरीच्या काठी सुमारे ३६० मीटर उंचीवर. लातूरकडे मांजरेच्या काठच्या भारी जमिनी सोडल्या तर माळावर हलक्या व मध्यम जमिनी पुष्कळ. त्यांतून पाण्याचा निचरा चांगला होतो, परंतु पावसाने चार आठवडे ओढ दिली की ओलही तितक्याच लवकर सरते. नांदेडकडे पाऊस सामान्यतः अधिक, उन्हाळा कडक, आणि गोदाकाठची काळी जमीन खोल व चिकट. दोन्ही जिल्हे एकमेकांस लागून असले तरी भुईमुगाच्या झाडाला ते दोन निराळे मुलूखच वाटावेत. एका ठिकाणी अव्वल ठरलेली जात दुसऱ्या ठिकाणी तशीच ठरेल, हे गृहीत धरण्याची सोय येथे नाही.

भुईमुगाच्या जातींचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात: उपटी, निमपसरी आणि पसरी. उपट्या जातींचे झाड उभे वाढते, शेंगा बुडाशी झुबक्याने लागतात व पीक साधारणपणे १०० ते ११५ दिवसांत तयार होते. निमपसऱ्या व पसऱ्या जातींना १२० ते १४० दिवस लागतात. ज्या जमिनीतील ओल परतीच्या पावसानंतर फार दिवस टिकत नाही, तेथे कोरडवाहू शेतकऱ्याने उपट्या जातीकडे वळावे हे स्वाभाविकच आहे. मात्र या वर्गात एक उणीव आहे. यांच्या बियांना विश्रांतीचा काळ बहुधा नसतो. म्हणून ऐन काढणीत पाऊस लागून राहिला तर शेंगेतला दाणा जमिनीतच उगवू लागतो.

उपट्या जातींत महाराष्ट्रात सर्वांत दीर्घ काळ नांदलेली जात म्हणजे एसबी-११. ती १९६५ साली प्रसारित झाली. पुढे १९७८ मध्ये जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राची जेएल-२४ ऊर्फ ‘फुले प्रगती’ आली. लवकर येणारी ही जात पुढे आफ्रिकेतील मलावी देशापर्यंत पोहोचली. त्याच सुमारास मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात निराळाच मार्ग चोखाळला जात होता. तेथे भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या आनुवंशिक गुणांत बदल घडवून आणीत व हजारो झाडांतून उपयुक्त तेवढीच निवडून घेत. या मार्गाने सिद्ध झालेली पहिली जात टीजी-१ ही १९७३ साली लागवडीसाठी मिळाली. पुढे अशा झाडांचा आपसांत व इतर जातींशी संकर करून नवनव्या जाती निपजल्या. त्यांची नावे म्हणजे आद्याक्षरांत लिहिलेला इतिहासच होय. १९९१ सालच्या टीएजी-२४ मधील पहिली दोन अक्षरे ट्रॉम्बे व अकोला यांची. २००४ सालच्या टीपीजी-४१ मधील मधले अक्षर राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे. आणि २००७ सालच्या टीएलजी-४५ मधील मधले अक्षर लातूरचे. परभणीच्या कृषि विद्यापीठाचे तेलबिया संशोधन केंद्र लातूर येथे आहे. त्या केंद्राच्या सहकार्याने ही टपोऱ्या दाण्याची जात मराठवाड्याला मिळाली.

परंतु जात निर्माण होणे वेगळे आणि ती चांगली आहे असे सिद्ध होणे वेगळे. शेजाऱ्याने नवी जात लावली व त्याला एकरी चार पोती अधिक झाली, ही बातमी गावात वाऱ्यासारखी पसरते. पण त्याच्या रानात आदल्या वर्षी शेणखत पडले होते काय, त्याने आठ दिवस आधी पेरले होते काय, त्याच्या विहिरीने अखेरचे पाणी दिले होते काय, याची चौकशी कोण करतो? बियाण्याचे श्रेय कोणते, जमिनीचे कोणते आणि मालकाच्या कष्टाचे कोणते, हे सारे एकात एक मिसळून गेलेले असते. ते वेगळे काढणे हाच तुलनात्मक पीकप्रयोगाचा हेतू होय.

या शास्त्राचा पाया इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेत रोनाल्ड फिशर यांनी घातला. १९१९ साली ते तेथे दाखल झाले आणि शेतातील प्रयोग कसा मांडावा व त्याचे आकडे कसे वाचावे याची पद्धत त्यांनी घालून दिली. हिंदुस्थानात ती पद्धत घरोघर नव्हे तरी प्रयोगक्षेत्रोक्षेत्री नेण्याचे काम दोन महाराष्ट्रीयांनी केले, ही गोष्ट अभिमानास्पद आहे. विनायक गोविंद पानसे व पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा शेतकी संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि शेतकी महाविद्यालयांतून पिढ्यानपिढ्या विद्यार्थी तो अभ्यासीत आले.

या पद्धतीचे मर्म सामान्य वाचकाच्याही आटोक्यातले आहे. समजा, आठ जातींची तुलना करावयाची आहे. शेत कितीही सपाट दिसले तरी ते एकजिनसी नसते. नाल्याकडचा भाग भारी असतो, बांधाकडचा हलका असतो. म्हणून प्रथम उताराला आडवे असे तीन किंवा चार पट्टे पाडतात, म्हणजे एका पट्ट्यातील माती शक्य तेवढी सारखी मिळते. मग प्रत्येक पट्ट्याचे आठ वाफे करून प्रत्येक जातीला प्रत्येक पट्ट्यात एकेक वाफा देतात. कोणता वाफा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात. कारण माणसाचा हात कितीही प्रामाणिक असला तरी आवडत्या जातीला नकळत चांगली जागा देतो, चिठ्ठी मात्र कोणाचीच भीड धरीत नाही. आठांपैकी एक जात त्या भागात आधीपासून रूढ असलेली घेतात. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नव्या जातीचा मोठेपणा कशाच्या मानाने मोठा, हे कळत नाही. पेरणीचा दिवस, झाडांतील अंतर, खत व पाणी सर्वांना एकसारखे. वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजमापातून वगळतात, कारण कडेच्या झाडांना उजेड व ओल अधिक मिळून ती उगीचच जोमदार होतात.

काढणीच्या वेळी तर डोळ्यांत तेल घालून काम करावे लागते. समजा, वाफा १५ चौरस मीटरांचा आहे. असे सुमारे ६६७ वाफे मिळून एक हेक्टर होतो. तेव्हा एका वाफ्याच्या वजनात १५० ग्रॅमची चूक झाली तर हेक्टरी हिशेबात ती १०० किलो, म्हणजे एक क्विंटल होते! पाच-सहा मुठी शेंगा जमिनीत राहिल्या, किंवा तेवढ्या वजनाची माती शेंगांना चिकटून राहिली, तरी निकाल फिरू शकतो. गोदाकाठच्या चिकट मातीत ही भीती अधिकच. म्हणून वाफा खणून तुटलेल्या शेंगा वेचतात, धुऊन-झाडून सर्व शेंगा सारख्या वाळवितात आणि ओल आठ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच तराजूत घालतात. प्रत्येक जात तिच्या तिच्या पक्वतेला काढतात. टरफलाची आतली बाजू काळसर झाली की शेंग पिकली, ही त्याची सोपी खूण होय.

एवढे करूनही एकाच जातीचे चार वाफे चार निरनिराळे आकडे देतात. समजा, एका जातीचे हेक्टरी उत्पन्न चार वाफ्यांत १७, १९, २१ व २३ क्विंटल भरले. सरासरी २० झाली. दुसरीची सरासरी २१ आली. ती दुसरी श्रेष्ठ काय? मुळीच नव्हे. पहिल्या जातीच्या स्वतःच्याच वाफ्यांत सहा क्विंटलांचे अंतर असताना सरासरीतील एका क्विंटलाला अर्थ उरत नाही. तो जमिनीचा खेळ असू शकतो. किती फरक पडला म्हणजे तो जातीचा समजावा, याची मर्यादा गणिताने काढतात आणि तिच्याखालील फरक नाही असेच धरून चालतात. ज्या जाहिरातीत उत्पन्नाचा आकडा असतो पण ही मर्यादा नसते, ती वाचताना सावध असावे.

येथपर्यंत फक्त शेंगांच्या वजनाचा विचार झाला. पण टरफले कोणी खात नाही. एका जातीने हेक्टरी २० क्विंटल शेंगा दिल्या व त्यांतून दाण्याचा उतारा शेकडा ६५ पडला, तर दाणे १३ क्विंटल झाले. दुसरीने १८ क्विंटलच शेंगा दिल्या, पण उतारा शेकडा ७५ पडला, तर दाणे साडेतेरा क्विंटल झाले. आता पहिलीच्या दाण्यात तेल शेकडा ४७ व दुसरीच्या दाण्यात ५० असेल, तर तेलाच्या हिशेबाने पहिली सुमारे सहा क्विंटल व दुसरी पावणेसात क्विंटल ठरते. खळ्यावर जिचा ढीग मोठा, ती घाण्यावर मागे पडली!

दाण्याच्या आकाराचीही अशीच गंमत आहे. टपोरा दाणा भाजून खाण्यास, चिक्कीस व परदेशी पाठविण्यास उत्तम. त्याला भावही बरा मिळतो. परंतु तो भरण्यास वेळ व कॅल्शियम अधिक लागते. अखेरीस ओल कमी पडली तर शेंगा पोचट राहतात. दुसरे असे की, ओळींत ३० व झाडांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले तर हेक्टरी सुमारे ३ लाख ३३ हजार दाणे पेरावे लागतात. शंभर दाण्यांचे वजन ३० ग्रॅम असेल तर बियाणे १०० किलो लागेल. ४५ ग्रॅम असेल तर तेच १५० किलो लागेल. टपोऱ्या जातीने आणलेल्या जादा पैशातून हे ५० किलो बियाणे आधी वजा घालावयास हवे.

स्वयंपाकघराच्या दृष्टीने दाण्याचे टिकाऊपण हा सर्वांत मोठा गुण. दाण्याच्या तेलात ओलेइक व लिनोलेइक ही दोन मेदाम्ले मुख्यतः असतात. त्यांपैकी दुसरे हवेच्या संपर्काने लवकर बिघडते आणि कुटाला खवट वास येतो. जुनागढच्या केंद्रीय भुईमूग संशोधन संस्थेच्या गिरनार-४ व गिरनार-५ या २०२० सालच्या जातींत ओलेइकाचे प्रमाण सुमारे शेकडा ८० पर्यंत नेलेले आहे. नेहमीच्या जातींहून ते पुष्कळच अधिक आहे. अशा दाण्याचे गोडेतेल व कूट दीर्घ काळ टिकते.

गुणवत्तेत आरोग्याचाही अंतर्भाव होतो. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी एकाएकी मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने निर्माण केलेले विष होते, असे शोधाअंती आढळले. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. पिकाला अखेरच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला किंवा शेंगा नीट न वाळविता साठविल्या तर ही बुरशी वाढते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात म्हणूनच जातींची तुलना करताना ताण सोसण्याची शक्तीही पाहतात. घरोघरी निदान एवढे तरी पाळावे की, सुरकुतलेले, काळवंडलेले वा बुरसटलेले दाणे मोह न धरता फेकून द्यावे.

ज्याच्या दारी बैलजोडी आहे तो आणखी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे पाला. टिक्का व तांबेरा या रोगांनी पाने गळाली तर शेंगा मिळूनही जनावरांचा चारा बुडतो. म्हणून रोगाला दाद न देणाऱ्या जातीला प्रयोगाच्या वहीत वेगळे गुण मिळतात.

आता हंगामाचा विचार. खरिपात आभाळ झाकोळलेले, रोगांचा उपद्रव व पावसाची लहर; उन्हाळी भुईमुगाला स्वच्छ ऊन, हातचे पाणी व पानांचे रोग कमी. यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेल्या उन्हाळी पिकाचे उत्पन्न सामान्यतः खरिपाहून बरेच अधिक येते. टीएजी-२४ सारखी ठेंगणी जात, जिची शक्ती पाल्यात न जाता शेंगांत जाते, अशा ठिकाणी आपले तेज दाखविते. परंतु उन्हाळ्यातला पहिला क्रमांक हा पाणी असणाऱ्याचा पहिला क्रमांक होय. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले, हे विसरून चालणार नाही. ज्याची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते त्याने उन्हाळी प्रयोगाच्या निकालावर भिस्त ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या चपला पायात घालणे होय.

याच कारणाने एका वर्षाचा निकाल हा निकाल नव्हे. समजा, तीन वर्षांत एका जातीने हेक्टरी २२, २० व ६ क्विंटल दिले आणि दुसरीने १७, १६ व १२ दिले. पहिलीची सरासरी १६, दुसरीची १५. कागदावर पहिली जिंकली. पण ज्या वर्षी सहा क्विंटल आले त्या वर्षी सोसायटीचे कर्ज कशातून फेडावे व पुढच्या पेरणीचे बी कोठून आणावे? ज्याच्या घरात दोन वर्षांची बेगमी आहे त्याने पहिली निवडावी; ज्याचे सारे घर एकाच पिकावर उभे आहे त्याने दुसरीच निवडणे शहाणपणाचे. आकडे दोघांना सारखेच दाखविले जातात, परंतु त्यांतून निघणारे उत्तर मात्र ज्याचे त्याचे वेगळे असते. सरासरीबरोबर वाईटात वाईट वर्षाचा आकडाही विचारावा, हा धडा प्रत्येक शेतकऱ्याने गिरविण्याजोगा आहे.

चांगली जात निघाली तरी ती शेतात पोहोचण्यास भुईमुगाच्या बाबतीत फार काळ लागतो. ज्वारीचे हेक्टरी दहा किलो बी शंभरपटीने वाढते. भुईमुगाचे शंभर किलो बी जेमतेम दहापटीने. शिवाय दाणा नाजूक. साल निघाली की उगवण गेली. त्यामुळेच नव्या जाती निघत राहिल्या तरी एसबी-११ सारखी जुनी जात अनेक दशके टिकून राहिली. समाधानाची बाजू एवढीच की, भुईमुगाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे एकदा शुद्ध बी मिळाले तर भेसळ टाळून शेतकरी ते स्वतः काही वर्षे राखू शकतो.

लातूरच्या शिवारात सांप्रत खरिपात सोयाबीनचे राज्य आहे. भुईमुगाला मजूर अधिक लागतात, बी महाग पडते व काढणी कष्टाची. तेव्हा शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पुन्हा या पिकाकडे वळावयाचे झाले तर कोणाच्या शिफारशीवर विसंबून नव्हे, तर आपल्याच मातीतल्या पुराव्यावर वळता आले पाहिजे. लातूरचे संशोधन केंद्र आणि नांदेड जिल्ह्यातील सगरोळीसारखी कृषि विज्ञान केंद्रे यांचे महत्त्व या ठिकाणी आहे. पण शेतकऱ्याला स्वतःलाही लहानसा प्रयोग करता येतो. नव्या जातीचे थोडे बी आणावे; आपली जुनी जात व नवी जात सारख्या ओळींच्या पट्ट्यांत आलटून-पालटून तीन-चार वेळा पेरावी; दोहोंना सारखेच खत-पाणी द्यावे; शेंगा वेगवेगळ्या वाळवून तोलाव्या; मूठभर फोडून दाण्याचा उतारा काढावा आणि सारे वहीत टिपून ठेवावे. दोन-तीन हंगाम असे केले म्हणजे कोणती जात चांगली, हे विचारण्यासाठी त्याला कोणाच्या दारी जावे लागणार नाही. मग सर्व रान नव्या जातीखाली आणावे की नाही, हे त्याची वहीच त्याला सांगेल.